खसखशीएवढा खड्डा

गेल्या वर्षी दिवाळी चार दिवसांवर आली असताना मी अंगणात गोणपाट अंथरून आमच्या जुन्या मोटारीचा पुढचा ब्रेक उघडून बसलो होतो. तेल झिरपत होते. रबराची नवी कडी घातली की काम झाले, अशी माझी समजूत. शिवाय आपले काम आपण करावे, हे तर शाळेपासून ऐकत आलेलो!

१९५३ साली फ्रान्समधल्या ल मां येथील २४ तासांची शर्यत जॅग्वार मोटारीने जिंकली, ती याच डिस्क ब्रेकच्या भरवशावर. याची रचना मोठी गमतीची. पेडल दाबले, की तेलाचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनला पुढे ढकलतो आणि पॅड फिरत्या चकतीला चेपतात. पिस्टनभोवतीची रबरी कडी दाबाने किंचित पिळवटते. पाय उचलताच मूळ आकाराला येताना पिस्टनलाही केसभर मागे ओढते. मात्र ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. ते वेळेवर बदलले नाही, तर आत गंज चढतो.

पिस्टन पुसून उजेडात धरला, तर कडी बसते तिथेच गंजाने खाल्लेला खड्डा. केवढा? आत सौ. अनारसे थापीत होती, त्यांवरच्या खसखशीएवढा. पॉलिश पेपरने घासला, तरी नखाला लागतच राहिला. वरून धुळीचे रबर बसले, की तो कोणाला दिसणार नव्हता. नवा पिस्टन दिवाळीनंतर मिळणार; आणि भाऊबीजेला मोटारीने बहिणीकडे जायचे ठरलेले.

इतके दिवस गाडी अशीच चालली ना? चालली, पण तेव्हा मला ठाऊक नव्हते. गॅरेजात पैशांबरोबर आपण काळजीही देऊन येतो. काही बिघडले, तर मिस्त्रीला बोल लावायला मोकळे! स्वतः उघडून पाहिल्यावर ती सोय उरत नाही. स्वावलंबनाने पैसे वाचतात. पण अज्ञानाचा आडोसाही जातो, हे कोणी सांगत नाही. आणि रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी पोराच्या वतीने जोखीम पत्करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

भाऊबीजेला आम्ही एस.टी.ने गेलो. “दादा, गाडी विकलीस की काय?” बहिणीने विचारले. मी हसून वेळ मारून नेली.

पुढे पिस्टन आला. मुलगी पेडलवर पाय ठेवून बसली, मी चाकाशी. ती “दाबलं” म्हणे, मी निपल सैल करी. तेलाबरोबर बुडबुडे येत. निपल आवळून मी “सोड” म्हणे. आत हवा राहिली, तर पायाचा जोर तिलाच दाबण्यात जातो. अखेर पेडल घट्ट लागू लागले.

“बाबा, झाला ना नीट?”

तिला पेडल दाबून धरायला सांगून मी सांध्यांवरून फडके फिरवले. ते कोरडे निघाले, तेव्हाच “हो” म्हणालो.