पुनरुत्थान आणि धर्मग्रामातला ईस्टर

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर. ख्रिस्ती वर्षातला हा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा सण आहे. नाताळ चौथ्या शतकात रूढ झाला, म्हणजे त्यामानाने बराच उशिरा. महाराष्ट्रात मात्र शेजारीपाजाऱ्यांना नाताळ माहीत असतो, गुड फ्रायडेची सुट्टी माहीत असते आणि ईस्टर बहुधा नावापुरता. रविवारी येत असल्यामुळे त्याची वेगळी सुट्टीही पडत नाही. खुद्द ख्रिस्ती लोकांतही गुड फ्रायडेला दिसणारी गर्दी ईस्टरला दिसतेच असे नाही. क्रूसावरचे मरण डोळ्यांसमोर उभे करता येते. क्रूसाची वाट चालता येते, तिच्या चौदा स्थानकांवर थांबता येते. पुनरुत्थानाचे तसे चित्र काढता येत नाही, कारण ते घडताना कोणी पाहिलेलेच नाही.

चारही शुभवर्तमाने या बाबतीत गप्प आहेत. येशूला कबरीत ठेवले, तोंडाशी धोंड लावली, एवढे ती सांगतात आणि मग थेट तिसऱ्या दिवसाच्या पहाटेवर येतात. मधला क्षण कुठेच नाही. तो रंगवणारा एक ग्रंथ पुढे दुसऱ्या शतकात तयार झाला. ‘पेत्राचे शुभवर्तमान’ या नावाच्या त्या लिखाणात आभाळाला भिडणारी माणसे कबरीतून बाहेर येतात आणि क्रूस बोलू लागतो. ख्रिस्तसभेने तो ग्रंथ बायबलमध्ये घेतला नाही. मार्कच्या शुभवर्तमानाची सर्वांत जुनी हस्तलिखिते तर रिकाम्या कबरीपासून घाबरून पळणाऱ्या आणि कोणाशी काही न बोलणाऱ्या स्त्रियांवरच थांबतात; त्यापुढची १२ वचने नंतर जोडलेली आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या बातमीवर सारा धर्म उभा आहे, तिचा पहिला वृत्तान्त भीतीवर संपतो. रचलेली गोष्ट सहसा अशी संपत नाही.

सर्वांत जुना लेखी पुरावा शुभवर्तमानांच्याही आधीचा आहे. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने इ. स. ५० नंतरच्या चार-पाच वर्षांत जे पत्र लिहिले, त्याच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्त कोणाकोणाला दिसला याची यादी आहे: पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी पौल स्वतः. ही माहिती आपल्याला इतरांकडून मिळाली असे पौल सांगतो, म्हणजे ती आणखी जुनी आहे. या यादीत स्त्रियांचे नाव नाही. शुभवर्तमानांत मात्र कबरीवर आधी पोहोचतात त्या स्त्रियाच, आणि योहानाच्या वृत्तान्तात उठलेला येशू सर्वप्रथम भेटतो तो मरिया माग्दालियाला. तीही त्याला आधी बागेचा माळी समजते. त्या काळी न्यायसभेत स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, तरी परंपरेने ही साक्ष पुसली नाही. मरियेला ‘प्रेषितांची प्रेषिता’ म्हणण्याची रीत मध्ययुगापासून आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांइतका दर्जा दिला.

पुनरुत्थान म्हणजे मेलेला माणूस पुन्हा जिवंत होणे, असा समज सर्रास आढळतो. ख्रिस्ती शिकवण तसे म्हणत नाही. येशूने लाजरसाला कबरीतून बाहेर बोलावले, तेव्हा लाजरस पहिल्याच आयुष्यात परतला आणि यथाकाल पुन्हा मेला. येशू परतला नाही, तो मरणाच्या पलीकडे गेला. म्हणून अम्माऊसच्या वाटेवर सोबत चालणाऱ्या दोन शिष्यांना तो कैक मैल ओळखू येत नाही, आणि भाकर मोडताच ओळखू येतो. देह तोच आहे, हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, तरी बंद दारे त्याला अडवत नाहीत. पौलाने यासाठी बियाण्याचा दृष्टान्त वापरला आहे: जमिनीत पडते ते एक रूप, वर येते ते वेगळे, आणि तरीही दोहोंत खंड नाही.

मराठी वाचकाला इथे दुसरीही एक अडचण येते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर पोसलेल्या मनाला आत्म्याचे अमरत्व आणि देहाचे नश्वरपण हे गृहीतच असते. संतांच्या समाधीमुळे ते अधिक जवळचे होते. ग्रीक जगातही प्लेटोपासून आत्मा अमर मानला जात होता. पुनरुत्थानाची कल्पना या वळणाची नाही. ती ज्यू परंपरेतून आली आणि तिच्या मुळाशी न्यायाचा प्रश्न आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात धर्मासाठी छळ सोसून मेलेल्यांचे काय, देव त्यांना विसरला काय, या प्रश्नाला दानिएलाच्या आणि मक्काबींच्या ग्रंथांनी दिलेले उत्तर म्हणजे मृतांचे उठणे. येशूच्या काळी ज्यूंमधला परुशी पंथ ते मानत असे, सदूकी पंथ नाकारत असे. म्हणून ज्याला उठवले तो कोण, हे महत्त्वाचे ठरते: सत्तेने गुन्हेगार ठरवून मारलेला माणूस. माणसांच्या न्यायालयाचा निकाल देवाने फिरवला, हा पहिल्या शिष्यांच्या प्रवचनांचा गाभा होता. त्यांच्या लेखी ही बातमी आत्म्याच्या सुटकेपुरती नव्हती. देहासकट अख्खा माणूस आणि त्याच्यासोबत सृष्टीही नवी होणार, असा त्यांचा दावा होता. त्यात कर्मानुसार पुन्हा जन्म नाही आणि देहातून मुक्तीही नाही.

विसाव्या शतकात यावर बराच वाद झाला. जर्मन अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९४१ मध्ये मांडले की पुनरुत्थान ही इतिहासात तपासता येणारी घटना नाही. ख्रिस्त घोषणेत उठतो, ऐकणाऱ्याच्या श्रद्धेत उठतो. उलट इंग्लिश अभ्यासक एन. टी. राइट यांनी २००३ मधल्या आपल्या जाडजूड ग्रंथात दाखवायचा प्रयत्न केला की रिकामी कबर आणि दर्शने या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय पहिल्या मंडळीचा उदय समजत नाही. धर्मग्रामातल्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या मंडळीतल्या, माणसाला ही नावे सहसा माहीत नसतात आणि त्याने काही अडतही नाही. त्याच्यापर्यंत पुनरुत्थान पोहोचते ते अग्नी, पाणी, भाकर आणि माती यांच्यातून.

सणाची तारीख चंद्रावर ठरते. इ. स. ३२५ च्या निकाया परिषदेने सर्वांनी ईस्टर एकाच दिवशी पाळावा असे ठरवले. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठचा रविवार हा त्याचा नियम झाला. संपात २१ मार्चला धरल्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. चैत्री पौर्णिमा त्याच सुमारास असल्याने हनुमान जयंती आणि ईस्टर पुष्कळदा एका आठवड्यात पडतात. २०२२ मध्ये तर लागोपाठच्या दिवशी होते. ईस्टरआधी राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ. कपाळावर लावली जाणारी राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. मग झावळ्यांचा रविवार, पाय धुण्याचा गुरुवार, गुड फ्रायडे. शनिवारी दिवसभर वेदी उघडी असते, मिस्सा होत नाही.

शनिवारी रात्रीचा जागरणविधी हा सगळ्या वर्षाचा कळस, पण तो कित्येक शतके भलत्याच वेळी होत होता. रात्रीचा विधी हळूहळू अलीकडे सरकत शनिवारच्या सकाळवर आला होता. भर उजेडात, मोजक्या माणसांसमोर, लॅटिनमध्ये, ‘ही रात्र’ म्हणून गायले जाई. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये प्रयोग म्हणून आणि १९५५ च्या सुधारणेने कायमचा तो रात्रीत नेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेची वाट मोकळी केली, आणि त्यानंतर वसईतल्या धर्मग्रामांत ही रात्र मराठीत साजरी होऊ लागली. तोवर मराठीत पुनरुत्थान नव्हतेच असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले होते आणि रविवारी, सणांना चर्चमध्ये वाचले जात होते.

विधीची सुरुवात चर्चबाहेर होते. आवारात लाकडे पेटवलेली असतात. आतले सगळे दिवे बंद. धर्मगुरू मोठ्या पास्का (ईस्टरच्या) मेणबत्तीवर क्रूस कोरतात, वर ग्रीक वर्णमालेतले पहिले अक्षर, खाली शेवटचे, आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार अंक. धुपाचे पाच दाणे मेणात खोवतात, पाच जखमांसाठी. नव्या अग्नीवर मेणबत्ती पेटते आणि काळोख्या चर्चमध्ये शिरते. वाटेत तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा होते. हातातल्या छोट्या मेणबत्त्या एकीवरून दुसरी पेटत जातात. मेण हातावर ओघळू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची चकती लावलेली असते, आणि वाऱ्याने एखादी विझली की शेजारचा आपली पुढे करतो. हा अख्खा प्रकार पाच-सात मिनिटांचा. मराठी प्रवचनात पुनरुत्थानावर जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे इथे आधीच होऊन गेलेले असते.

पुढे जुन्या करारातली सात वाचने आहेत: उत्पत्ती, अब्राहामाचे बलिदान, तांबड्या समुद्रातून इस्राएल लोकांची सुटका आणि संदेष्ट्यांची वचने. अडचण असेल तर तीनच वाचावीत, पण समुद्राचे वाचन कधीही गाळू नये, असा नियम आहे. ‘अडचण’ या शब्दाचा अर्थ अनेक धर्मग्रामांत फार उदारपणे लावला जातो. रात्र लांबते म्हणून वाचने तीनवर येतात, आणि गुलामीतून सुटलेल्या लोकांची गोष्ट हा सणाचा पाया आहे हे त्या घाईत निसटते. येशूचे मरण वल्हांडणाच्या, म्हणजे त्याच सुटकेच्या स्मरणाच्या, सणात झाले. त्या सुटकेच्या कथेशिवाय त्याचे उठणे नुसता चमत्कार होऊन बसते. वाचने संपली की गौरवगीत सुरू होते, घंटा वाजतात, दिवे लागतात. उपवासकाळात एकदाही न गायलेला आल्लेलुया परत येतो.

मग पाणी. प्राचीन ख्रिस्तसभेत प्रौढ दीक्षार्थींचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) याच रात्री होई आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ मुळात त्यांच्या तयारीचा होता. पौलाच्या विचारानुसार पाण्यात बुडणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे. आज बहुतेकांचा स्नानसंस्कार तान्हेपणीच झालेला असतो. १९५१ च्या सुधारणेने म्हणून सर्व मंडळीला आपली स्नानसंस्काराची वचने पुन्हा उच्चारायला लावली. पेटत्या मेणबत्त्या हातात घेऊन लोक दुष्टाला नकार देतात, श्रद्धा कबूल करतात आणि त्यांच्यावर पाणी शिंपडले जाते. परतताना आशीर्वादित पाणी बाटल्यांतून घरोघर जाते. ते पुढे आजाऱ्याच्या खाटेवर आणि नव्या घराच्या उंबऱ्यावर शिंपडले जाते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रात्रीऐवजी पहाटेला महत्त्व आहे. सूर्योदयाच्या उपासनेची प्रथा १७३२ मध्ये सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरावियन मंडळीत सुरू झाली. तरुण मंडळी उजाडण्याआधी कबरस्तानात जमली आणि तिथेच गायली. ही प्रथा पुढे मिशनऱ्यांबरोबर जगभर गेली. महाराष्ट्रातही ईस्टरच्या पहाटे प्रभातफेरी निघते. गात गात मंडळी गावातून फिरते आणि मग उपासनेला जमते. कबरीकडे पहाटे गेलेल्या स्त्रियांची वाट त्यात आहे.

ईस्टर एका दिवसात संपत नाही. पेंटेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस मिळून एकच सण मानला जातो, आणि वर्षातला प्रत्येक रविवार त्याचीच छोटी आवृत्ती. प्रत्यक्षात हे पन्नास दिवस लवकर विसरले जातात. उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट चालणारा धर्मग्राम ईस्टरनंतर उन्हाळी सुट्टीत आणि लग्नसराईत विरघळतो. तरी या काळातली रविवारची वाचने चांगली निवडलेली आहेत. पहिल्याच आठवड्यात शिष्य थोमाची शंका येते. काही वर्षी तिसऱ्या रविवारी योहानाचा शेवटचा अध्याय येतो: रात्रभर रिकामे जाळे, पहाटे १५३ मासे, किनाऱ्यावर पेटलेले निखारे आणि न्याहारीला बोलावणारा येशू. वसई-उत्तनच्या कोळीवाड्यांत हा उतारा फारसा समजावून सांगावा लागत नाही.

पेंटेकॉस्टनंतर पास्का मेणबत्ती स्नानसंस्काराच्या कुंडाजवळ ठेवतात. वर्षभर प्रत्येक बाळाची मेणबत्ती तिच्यावर पेटते, आणि अंत्यविधीच्या वेळी ती शवपेटीजवळ लावली जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अंत्यविधीत पुनरुत्थानाचा आशय अधिक स्पष्ट दिसावा असे सांगितले. त्यानुसार १९६९ मध्ये नवा विधी आला आणि पूर्वीच्या काळ्या वस्त्रांबरोबर पांढऱ्या-जांभळ्या वस्त्रांनाही जागा मिळाली. पुनरुत्थानावरच्या श्रद्धेची खरी कसोटी या विधीतच लागते, ईस्टरच्या रात्री नव्हे.

देहाबद्दलच्या या शिकवणीमुळे ख्रिस्तसभेने दफनाचा आग्रह दीर्घकाळ धरला. दहनाची मुभा १९६३ मध्ये मिळाली, आणि ती पुनरुत्थान नाकारण्यासाठी घेतलेली नसावी ही अट राहिली. २०१६ च्या निर्देशाने दफनालाच पसंती दिली, दहन झाल्यास रक्षा कबरस्तानात किंवा चर्चने ठरवलेल्या जागी ठेवावी असे सांगितले, ती घरात ठेवणे किंवा वाऱ्यावर, पाण्यात विखरून टाकणे मना केले. मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न रोजचा झाला आहे. जागा अपुरी असल्याने थडगी ठरावीक मुदतीनंतर पुन्हा वापरतात आणि आधीच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यांत हलवतात. देव उठवणार तो देह राखेतूनही उठवू शकतो, हे ख्रिस्तसभेला मान्य आहे. तिची हरकत दहनापेक्षा विसर्जनाला अधिक आहे: मृताचे नाव आणि जागा राहिली पाहिजे, म्हणजे धर्मग्राम त्याला आपल्या प्रार्थनेत आपलाच माणूस म्हणून धरून ठेवेल. विसर्जनाची रीत चहूकडे असलेल्या समाजात ही अट कुटुंबांना अवघड जाते, विशेषतः घरात दोन धर्मांची माणसे असतील तेव्हा, आणि धर्मगुरूंना तिचे कारण दरवेळी नव्याने समजावून सांगावे लागते.