लाल दिवा लागला असता

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी पाहिले असेल की, किल्ली फिरवताच समोर एक तांबडा दिवा लागतो, त्यावर तेलाच्या बुधलीचे चित्र असते, आणि इंजिन सुरू झाले म्हणजे तो विझतो. डोंगरात, चिखलात व वाळूत चालणारी जी ऑल-टेरेन गाडी, तिच्यावरही पुष्कळदा असाच दिवा असतो. ही गाडी मोटारसायकलीप्रमाणे वर बसून, दांडा धरून चालवावयाची; मात्र तिची चाके रुंद व मऊ असतात. होंडा कंपनीची अशी गाडी १९७० साली अमेरिकेत विक्रीस आली, तेव्हा तिला तीनच चाके होती. तीनचाकी गाड्या उलटून पुष्कळ माणसे दगावली, म्हणून १९८८ साली त्या देशात नव्या तीनचाकींची विक्री थांबवण्यात आली. सुझुकी कंपनीने १९८२ साली आणलेला चार चाकांचा घाट पुढे टिकला. आज न्यूझीलंडातील पुष्कळ मेंढपाळ कुत्र्याला पाठीमागे बसवून हिच्यावरूनच कळप वळवतात.

आता असे समजू या की, असा एक मेंढपाळ घरापासून चार कोसांवर चढणीत आहे, दिवस कलला आहे, आणि तो दिवा लागतो. त्याचे मन त्यास काय सांगते? “गाडी तर चालतच आहे, आवाजही नेहमीचाच आहे, घरी जाऊन पाहू.” बंधूंनो, हे बोलणे आपणांस अनोळखी नाही. अंतःकरणात टोचणी लागली असता आपणही असेच म्हणतो की, काम तर चालले आहे, मंडळीही जमते आहे; पुढे पाहू.

परंतु इंजिनाच्या पोटात काय घडते ते पाहा. पंप तेल जाळीतून ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने बेअरिंगांपर्यंत व अगदी माथ्यावरच्या कॅमपर्यंत पोहोचवतो. तेथे धातू धातूवर टेकत नाही; मध्ये तेलाचा केसाहूनही पातळ पापुद्रा असतो, आणि सगळा भार त्यावर तोललेला असतो. ह्या वाटेवर एक लहानसा स्विच बसवलेला असतो. दाब नसला म्हणजे तो दिव्याची तार इंजिनाच्या धातूशी जोडतो व दिवा लागतो. दाब आला की जोड तुटून दिवा विझतो. पुष्कळ स्विच असे असतात की, दाब ०.३ ते ०.५ बार, म्हणजे दर चौरस इंचास सुमारे ४ ते ७ पौंड, इतका उतरेपर्यंत ते गप्पच राहतात. ह्यावरून ध्यानात यावे की, हा इशारा काही लवकर मिळालेला नाही. जे उरले आहे ते थोडे आहे. म्हणून पहिले कर्तव्य एवढेच की, इंजिन तेथल्या तेथे बंद करावे, मग रात्र डोंगरात काढावी लागली तरी चालेल.

नंतर परीक्षा. गाडी सपाट जागी ढकलून न्यावी, काही मिनिटे थांबावे, आणि मोजपट्टी पुसून तेल पाहावे. (काही गाड्यांत पट्टी पिळून बसवावयाची, काहींत नुसती टेकवावयाची असते, ते सोबतच्या पुस्तकावरून पाहावे.) तेल कमी असेल तर चढणीवर ते एका बाजूस जाते व पंप वारा ओढतो, दिवा चढणीवरच लुकलुकण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर ओढा ओलांडताना आत पाणी शिरले असावे. तेल खुणेच्या वर चढलेले असून त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर त्या भरपूरपणाने आनंदित होऊ नये. कार्ब्युरेटरची सुई अडकून पेट्रोल खाली झिरपले आहे, आणि पातळ झालेले तेल भार सोसणार नाही.

पण पट्टीवर तेल बरोबर असून ते स्वच्छही असेल तर काय? येथेच पुष्कळ जण फसतात. पट्टी तेल किती आहे ते सांगते; ते पोहोचते की नाही हे सांगत नाही. जाळी गाळाने बुजली असेल, पंप झिजला असेल, दाब सोडणारी झडप उघडी अडकली असेल, तर पोट भरलेले असूनही माथा कोरडा राहतो. आम्हांस वाटते, उपदेशकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्यास पुष्कळ वचने पाठ आहेत, परंतु घरात बायकोशी बोलताना त्यांतले एकही जिभेपर्यंत येत नाही, त्याची मोजपट्टीही भरलेलीच दिसते.

दिव्यावरही आंधळेपणाने विश्वास ठेवू नये, तोही तपासावा. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि स्विचची तार काढावी. तरीही दिवा लागलेलाच राहिला तर तार कोठे तरी सोलून सांगाड्याला टेकली आहे. विझला तर तार ठीक आहे, आणि प्रश्न उरतो तो स्विच खोटा की दाबच नाही, एवढा. ह्याचा निर्णय अटकळीने होत नाही. स्विच काढून त्या जागी दाबमापक लावावा, मग इंजिन क्षणभर चालवून काटा पाहावा व पुस्तकातील आकड्याशी ताडून घ्यावा. काही गाड्यांत हा दिवा दाबाचा नसून तेलाच्या तापमानाचा असतो. तेथे तेल थंड करणाऱ्या जाळीवर चिखल बसला आहे काय, पंखा फिरतो काय, हे पाहावे.

एक प्रकार मात्र ह्या सर्वांहून वाईट आहे. दिव्याने त्रासून कोणी त्याची तार तोडून टाकतो, किंवा दिव्याचा बल्ब जळून जातो व त्याकडे कोणी पाहत नाही. मग पाट्यावर सदा शांती. जुनी गाडी विकत घेणाऱ्यास ही शांती फार आवडते. तरी, बंधुभगिनींनो, उद्या सकाळी किल्ली फिरवाल तेव्हा इंजिन सुरू करण्यापूर्वी थोडे थांबून पाहा की दिवा लागतो काय. न लागला, तर तो दुरुस्त केल्यावाचून गाडी अंगणाबाहेर काढू नका.