यात्रेहून परतल्यावर

यात्रेला निघण्याची तयारी आपण महिनाभर आधी सुरू करतो. बसमधल्या जागा, राहण्याच्या खोल्या, औषधांची पिशवी, म्हाताऱ्या माणसांसाठी चादर आणि उशी. घरी परतण्याची तयारी मात्र कोणी करीत नाही. घर आपलेच, तिथे परतायला कसली तयारी, असे वाटते. म्हणूनच की काय, यात्रेनंतरचा पहिला आठवडा घरातल्या सर्वांनाच जड जातो.

जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन भाविकांना खुले होते. दहा वर्षांनी येणारा हा योग. एरवी बॉम जेझस बासिलिकेत उंचावर असलेली पेटी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणली जाते आणि तिथे जवळून दर्शन घेता येते. आपल्या धर्मग्रामातूनही बसगाड्या गेल्या. गेलेले लोक त्या आठवणी आजही काढतात. एक बस महामार्गावर बंद पडली आणि चार तास रस्त्याच्या कडेला गेले. तिथेच रोझरी झाली, तिथेच कोणाच्या तरी डब्यातल्या भाकऱ्या वाटून खाल्ल्या गेल्या. रांगेत एका आजोबांना चक्कर आली, तेव्हा ज्यांची भाषाही कळत नव्हती अशा माणसांनी त्यांना सावलीत बसवले. बांधावरून दोन वर्षे अबोला धरलेले दोघे शेजारी एका बाकावर जेवले. परतीच्या वाटेवर बसमध्ये संकल्प झाले : रोज सायंकाळी कुटुंबप्रार्थना, त्या वेळी टीव्ही बंद आणि घरात कोणावर आवाज चढवायचा नाही.

बस पहाटे गावात पोहोचली. कामाचा वार होता. पाण्याची मोटर, मुलीची शाळेची गाडी, विरार लोकलची वेळ, रिकामा फ्रिज, बॅगांतून निघालेला कपड्यांचा ढीग. सायंकाळपर्यंत बऱ्याच घरांतून आवाज चढले होते. संकल्प अजून बॅगेतच होते, काजू आणि दोदोलच्या पाकिटांखाली.

अशा वेळी आपण म्हणतो, "गोव्याला किती शांत वाटत होते!" या वाक्याशी थोडे थांबायला हवे. ती शांती कुठून आली होती? तिथे जेवण आचारी करीत होता, गाडी ड्रायव्हर चालवीत होता, कुठे किती वाजता जायचे हे फादर ठरवीत होते. आणि इकडे घरी ज्यांना धरून उठवावे लागते, भरवावे लागते, त्यांना दुसरे कोणीतरी उठवीत होते, भरवीत होते. म्हणजे त्या शांतीचा काही भाग प्रार्थनेने मिळाला होता आणि काही भाग दुसऱ्याच्या श्रमाने. कोणता किती, हे यात्रेत कळत नाही. तिथे दोन्ही सारखेच गोड लागतात. लोक म्हणतात, घरी आले की कृपा ओसरते. आम्हाला तसे वाटत नाही. उसने घेतलेले तेवढे परत जाते आणि आपले खरे किती होते ते उघडे पडते.

शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात तिसाव्या अध्यायात दावीदाची एक हकिकत आहे. सिकलाग नगर जाळून अमालेकी लोकांनी बायकामुलांना पळवून नेले. दावीद सहाशे माणसे घेऊन पाठलागाला निघाला. बसोर ओहळापाशी दोनशे जण थकून खाली बसले. ते सामानाजवळ राहिले, चारशे पुढे गेले आणि सर्वांना सोडवून, मोठी लूट घेऊन आले. तेव्हा गेलेल्यांपैकी काही जण कुरकुरू लागले, की जे आले नाहीत त्यांना त्यांची बायकामुले द्या, लूट नको. दावीदाने ते मानले नाही. लढाईला गेलेल्याचा आणि सामानाजवळ राहिलेल्याचा वाटा सारखा, असा नियम त्याने केला आणि तो पुढे इस्राएलात चालत राहिला. लढवय्या दावीदाने केलेला हा नियम आहे, हे विशेष.

यात्रेच्या लुटीला हा नियम कसा लावायचा? काजूचे पाकीट आणि आशीर्वादित पदक घरी राहिलेल्यांच्या हातात दिले की वाटा दिला, असे आपण समजतो. आमच्या ओळखीच्या एका घरी सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागे. यात्रेला सासरे आणि मुलगा गेले, सुनबाई राहिली. परतल्यावर तास दोन तास गोव्याच्या गोष्टी झाल्या. मग सासऱ्यांनी पदक पुढे केले. ती म्हणाली, "बाबा, पदक राहू द्या. रविवारी दुपारी आईंजवळ तुम्ही बसा, मला दोन तास झोपू द्या." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच सासरे गप्प झाले असावेत. रविवारी ते बसले. पुढच्या रविवारीही बसले. आपली पत्नी पाणी हवे असले की बोटांनी चादर ओढते, ही खूण त्यांना तेव्हा प्रथम कळली.

मग यात्रेला जाऊच नये का? तसे मुळीच नाही. रोजच्या रगाड्यातून उठून चार दिवस देवासाठी काढणे ही माणसाची खरी गरज आहे, आणि ती सुनेलाही आहेच. प्रश्न आहे तो हा, की प्रत्येक वेळी राहणारे माणूस तेच का असते. दहा वर्षांनी येणारी संधी हुकली तर तिची भरपाई बेबिंक्याच्या डब्याने होत नाही. ते नुकसान खरे असते आणि निदान तसे मान्य तरी करायला हवे.

झेवियर यांचे गुरुबंधू संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात या संदर्भात दोन शहाण्या सूचना देऊन ठेवल्या आहेत. साधक भक्तीच्या भरात असेल तेव्हा त्याला घाईने नवस किंवा वचने करू देऊ नयेत, ही एक. बसमधले आपले संकल्प आठवले की या सूचनेचे मोल कळते. एकदम पाच गोष्टी ठरवण्यापेक्षा एकच लहानशी, आणि तीही घरी येऊन घरच्यांना विचारून ठरवलेली बरी. कुटुंबप्रार्थना साडेसातला की नऊला, हे जी भाकरी भाजते तिला विचारल्याशिवाय कसे ठरणार? दुसरी सूचना अशी, की कामाधंद्यात अडकलेल्या ज्या माणसाला महिनाभर एकांतात जाता येत नाही, त्याने घरीच राहून रोज दीड तास काढून तीच साधना करावी. सुनबाईला दीड तास कुठून मिळणार, असे कोणी विचारील. बरोबर आहे. तो तिला घरातल्या दुसऱ्या कोणीतरी काढून द्यावा लागेल.

मार्कच्या शुभवर्तमानात रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तिथेच तंबू ठोकून राहावेसे वाटले. खाली उतरल्यावर पहिली गाठ पडली ती आजारी मुलाच्या कासावीस बापाशी. इटालियन चित्रकार राफाएल याने १५२० साली, मरणापूर्वी, या विषयावरचे आपले शेवटचे चित्र काढले. ते व्हॅटिकनमध्ये आहे. त्यात वर तेजस्वी प्रभू आणि खाली तो मुलगा, त्याचे घरचे आणि गोंधळलेले शिष्य, असे सारे एकाच चौकटीत आहेत. दोन वेगळी चित्रे त्याने काढली नाहीत.

पुढच्या यात्रेची नावे घेताना वहीत नाव, वय आणि फोन यांच्यापुढे आणखी एक रकाना असावा, असे आम्ही सुचवतो : घरी कोण राहणार? ज्या घरात आजारी माणूस आहे, तिथे त्या चार दिवसांत दुपारी दोन तास जाऊन बसायला आपल्या वाडीच्या छोट्या ख्रिस्ती समूहातून दोघे तिघे सहज मिळतील. दहा वर्षांचा नेम पाळला गेला, तर गोव्यातील पुढचे दर्शन २०३४ साली येईल. तेव्हाच्या बसमधली पहिली जागा कोणाची, हे काही घरांत आजच ठरवता येईल.