चिमणीची फिर्याद



गेल्या पावसाळ्यात नांदेड येथे दर्से-हदीसचा कार्यक्रम आटोपल्यावर एक विद्यार्थिनी आपल्या अम्मीसोबत थांबून राहिली. लातूरच्या एका महाविद्यालयात ती औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. एका वनस्पतीच्या पानांच्या अर्काने वेदना कमी होतात का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी पांढऱ्या उंदराला 55 अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेल्या धातूच्या तबकडीवर ठेवावयाचे आणि किती सेकंदांनी तो पंजा चाटतो किंवा उडी मारतो हे घड्याळात पाहावयाचे. अर्क पाजलेला उंदीर जास्त वेळ टिकला, तर अर्कात गुण आहे असे समजावयाचे. प्रयोग संपले की सर्व उंदीर मारावयाचे. तिने विचारले, "मौलाना साहेब, हे पाप आहे का?" तिची अम्मी म्हणाली, "हिला रात्री झोप येत नाही. वर्गातल्या मुली हसतात. म्हणतात, बकरी ईदला बकरा कापता, मग उंदराचं काय घेऊन बसलीस?"

तो टोमणा मला महत्त्वाचा वाटला. आपल्यातील पुष्कळ शिकलेले तरुणही असेच बोलतात. सारे प्राणी अल्लाहने माणसाच्या सेवेत दिले आहेत, तेव्हा त्यांचे काहीही करावे, असे त्यांना वाटते. ज्या गावांत मुले-मुली वैद्यकीय प्रवेशासाठी वर्षानुवर्षे रात्रंदिवस अभ्यास करतात आणि पुढे डॉक्टर, औषधनिर्माते, पशुवैद्य होतात, त्या लातूर-नांदेडच्या कुटुंबांना हा प्रश्न आज ना उद्या घरातच भेटणार आहे.

प्राण्यांचा उपयोग करूच नये, असे इस्लाम म्हणत नाही. सूरह अन-नहलच्या आरंभीच गुराढोरांपासून मिळणारी ऊब, अन्न आणि ओझी वाहण्याची सोय यांची आठवण करून दिली आहे. खरीपाच्या दिवसांत भोकर, किनवट, निलंगा, औसा या भागांत शेतात काम करणाऱ्याला नाग किंवा घोणस डसतो. त्याला रुग्णालयात जे प्रतिविष टोचतात ते घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अगदी अल्प मात्रेत, हळूहळू वाढवीत घोड्याला देतात. त्याचे शरीर त्या विषाशी झुंजणारी द्रव्ये तयार करते आणि ठरावीक अंतराने त्याचे रक्त काढून त्यापासून औषध बनते. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामासाठी आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. ज्या कुटुंबाचा कर्ता माणूस या औषधामुळे चालत घरी आला, त्या कुटुंबाने त्या अनामिक घोड्याचे उपकार मानावेत. सूरह अल-आदियातमध्ये अल्लाहने धावत्या घोड्यांची शपथ घेतली आहे. ती वाचताना हा घोडाही आठवावा.

प्राण्यांवरील प्रयोगांचा लाभ प्राण्यांनाही झाला आहे. बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे झाल्याच्या कथा आपण आजी-आजोबांकडून ऐकल्या आहेत. त्या रोगाचे विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा नेऊन कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे 1920 च्या दशकात लस तयार झाली, आणि पुढे आणखी सुधारलेल्या लसींच्या बळावर 2011 मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचे घोषित झाले. आज देवणी किंवा लाल कंधारी बैल दावणीला उभा आहे, त्यामागे त्या शेळ्याही आहेत. असे ज्ञान मिळविणाऱ्यावर बोट ठेवण्याचे धाडस मी करणार नाही.

मग त्या मुलीची झोप का उडाली?

सेवेत देणे आणि मालकी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूरह अल-जासियामध्ये (45:13) आकाशांत व पृथ्वीवर जे काही आहे ते अल्लाहने तुमच्या कामी लावले आहे असे सांगितले आहे. म्हणजे कामी लावणारा तो आहे, आपण नव्हे. आणि सूरह अल-अनआममध्ये (6:38) भूतलावर चालणारे प्राणी व पंखांनी उडणारे पक्षी हे आपल्यासारखेच समुदाय असून ते आपल्या पालनकर्त्याकडे गोळा केले जातील, असे फरमाविले आहे. ज्याची आपल्या पालनकर्त्यासमोर हजेरी होणार आहे, तो केवळ प्रयोगशाळेचे साहित्य कसा असेल? जडवहीत उंदरांची नोंद काचेच्या नळ्यांच्या खालच्या ओळीत होत असेल; अल्लाहकडील नोंद तशी नाही.

एका अन्सारी सहाबींच्या बागेत प्रेषित मुहम्मद (स.) गेले असता त्यांना पाहून एक उंट हुंदके देऊ लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. प्रेषितांनी (स.) त्याच्या मानेवरून हात फिरविला, तो शांत झाला. मग मालकाला बोलावून, अल्लाहने ताब्यात दिलेल्या या जनावराबाबत तू अल्लाहचे भय का बाळगत नाहीस, असे विचारले. तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस, अशी त्याची तक्रार असल्याचे सांगितले. पाहा, उंट कामाला जुंपण्यास हरकत घेतली नाही. हरकत उपाशी ठेवण्याला आणि अतिरेकाला होती.

औषधाविषयीचीच एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे, आणि आपल्या विषयाला याहून जवळची हदीस मला माहीत नाही. एका वैद्याने बेडूक औषधात घालण्यासंबंधी प्रेषितांना (स.) विचारले, तेव्हा त्यांनी बेडूक मारण्यास मनाई केली. साऱ्या प्राण्यांना हाच नियम लागू होतो, असे यावरून म्हणता येणार नाही. पण 'औषधासाठी' हा शब्द उच्चारला की प्रत्येक दार आपोआप उघडते, असेही म्हणता येणार नाही. आपल्या पिढीतील ज्यांनी विज्ञान शाखेत शिक्षण घेतले, त्यांना मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून लावलेला बेडूक आठवत असेल. एका वर्गात तीस बेडूक, दरवर्षी, आणि आत दिसणारे सारे पाठ्यपुस्तकात आधीच छापलेले. मीही तो बेडूक फाडला आहे. गुण चांगले मिळाले होते. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गांतील हे विच्छेदन बंद करण्यास सांगितले, तेव्हा शास्त्र बुडाले नाही. आपल्या देशाच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, पुस्तके, नमुने, चित्रफिती यांनी काम भागत असेल तर प्रयोग टाळावेत आणि केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, असे मार्गदर्शन आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या प्राण्यांवर करण्यास 2014 पासून बंदी आहे. गालाच्या रंगासाठी सशाच्या डोळ्यांत द्रव्य घालणे कोणत्या गरजेत बसत होते, हे मला आजही उमगलेले नाही.

आता चिमणीकडे येऊ. इमाम नसाई यांच्या संग्रहातील एका हदीसनुसार, ज्याने चिमणी व्यर्थ मारली त्याच्याविरुद्ध ती कयामतच्या दिवशी अल्लाहकडे फिर्याद करील की, हे पालनकर्त्या, याने मला कोणत्याही लाभासाठी मारले नाही, उगाच मारले. या फिर्यादीतला शब्द आहे 'अबस', म्हणजे निरर्थक. बकरी ईदचा बकरा आणि तबकडीवरचा उंदीर यांतला भेद येथे आहे. कुर्बानीचे मांस गरिबाच्या घरी पोहोचते, तिचा हेतू अल्लाहची आज्ञा आहे, आणि तिलाही शिस्त आहे: सुरी धारदार असावी, जनावरासमोर ती पाजळू नये, एकासमोर दुसऱ्याला कापू नये. आपल्या घरी लहान मुलांनासुद्धा हे ठाऊक असते. हीच शिस्त प्रयोगशाळेत का नसावी? एका उंदराला दुसऱ्यांच्या देखत मारू नये, हे जाणते शास्त्रज्ञही सांगतात. तबकडीवर वेळेची मर्यादा ठेवावी, त्यापुढे एक क्षणही प्राण्याला तेथे राहू देऊ नये, हेही सांगतात. आगीने शिक्षा देण्याचा अधिकार आगीच्या स्वामीखेरीज कोणाला नाही, असे प्रेषितांनी (स.) मुंग्यांचे वारूळ जाळलेले पाहून फरमाविले. तापलेली तबकडी त्या कक्षेत येते की नाही, याचा निर्णय मी मुफ्ती साहेबांवर सोपवितो. परंतु ती हदीस ठाऊक असलेल्याचा हात तबकडीजवळ सावध व्हावा, एवढे निश्चित.

पिंजऱ्याचीही गोष्ट आहे. ज्या स्त्रीला मांजरीमुळे नरकाची शिक्षा झाली, तिने मांजर मारली नव्हती. तिने ती कोंडली, खाऊ-पिऊ घातले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. लातूरकरांना पाण्याच्या घोटाची किंमत शिकवावी लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. त्याच एप्रिलच्या उन्हात वीज गेलेल्या प्राणीगृहात, सुट्टीच्या दिवशी, पाण्याच्या बाटल्या कोण भरतो? मी त्या मुलीला हे विचारले. ती म्हणाली, शिपाई भरतो. तो रजेवर असला तर? ती गप्प राहिली. साडेसातशेहून अधिक वर्षांपूर्वी शेख इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (र.) यांनी जनावरांचे मालकावरील हक्क लिहून ठेवले, त्यात म्हाताऱ्या किंवा आजारी, कसलाही उपयोग न उरलेल्या जनावरावरही खर्च करावा, असे म्हटले आहे. शिपायावर टाकून देण्याजोगी ही जबाबदारी नाही.

मग मी तिला मुख्य प्रश्न विचारला. या पानांचा गुण याआधी कोणी तपासला आहे का? ती प्रामाणिक आहे. म्हणाली, होय, बऱ्याच जणांनी. पाने तीच, फक्त अर्क काढण्याची पद्धत थोडी निराळी. नवे काय निघणार? ती म्हणाली, पदवी.

मी तिला हराम-हलालचा फतवा दिला नाही. तो माझा अधिकार नव्हे. शिक्षण सोडावयासही सांगितले नाही. उलट अशी जागी मने प्रयोगशाळेत असलीच पाहिजेत. तिच्या अम्मीला मी म्हणालो, मुलीच्या हाताचा कंप हा मनाचा दुबळेपणा समजू नका, त्याला ईमानची निशाणी समजा आणि पुढच्या वेळी मार्गदर्शकांना भेटताना तिच्यासोबत जा.

प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे एक अर्ज भरावा लागतो. प्राणीच का हवेत, इतकेच का हवेत, असे प्रयोग पूर्वी झाले आहेत का, झाले असल्यास पुन्हा का करावयाचे, असे त्यात विचारलेले असते. सरकारी भाषेत लिहिलेला असला तरी मला तो चिमणीच्याच बाजूने विचारलेला प्रश्न वाटला. तू काय लिहिलेस, असे मी विचारले. तिने खाली पाहिले. मागील वर्षीच्या विद्यार्थ्याच्या अर्जावरून ते रकाने जसेच्या तसे उतरविले होते.

"बेटी, अजून प्रयोग सुरू झालेले नाहीत ना?"

"नाही, मौलाना साहेब. पुढच्या महिन्यात उंदीर येणार आहेत."

मी तिला एक कोरा कागद दिला. मगरिबच्या अजानला थोडा अवधी होता. ती तेथेच, चटईवर बसून, ते रकाने पुन्हा लिहू लागली. 'पूर्वी झाले आहेत का' यापुढे तिने 'होय' लिहिले, आणि 'पुन्हा का' या रकान्यावर तिची लेखणी बराच वेळ थांबून राहिली.