समुद्राचा सातबारा

1983 साली आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरील अकुरेरी गावात दोन सख्ख्या भावांनी आणि त्यांच्या चुलतभावाने मिळून गंजत पडलेला एक ट्रॉलर विकत घेतला. एक जण कप्तान, दुसरा इंजिनाचा जाणकार, तिसरा जहाजबांधणी शिकलेला. जहाजावरच मासा कापून गोठवायची सोय त्यांनी केली आणि ‘साम्हेर्यी’ ही कंपनी उभी राहिली. शब्दाचा अर्थ, एकाच बाजूने लढणारा साथी. पुढे या कंपनीची जहाजे जर्मनी, ब्रिटन, मोरोक्को, मॉरिटानिया आणि नामिबियाच्या पाण्यात फिरली. ही गोष्ट बहुधा कष्टाची आणि धाडसाची म्हणून सांगितली जाते. कष्ट खरे होते, बर्फाळ अटलांटिकमध्ये जाळे ओढणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण तेवढेच कष्ट करणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या होड्या त्याच काळात किनाऱ्याला लागल्या त्या लागल्याच. फरक पडला तो दर्यावर नव्हे, एका सरकारी कागदावर.

1970 च्या दशकात आइसलँडने ब्रिटनशी झगडून 200 सागरी मैलांचे पाणी आपले करून घेतले. परकी जहाजे गेली, तरी घरची जहाजे इतकी वाढली की कॉड मासा संपण्याची भीती निर्माण झाली. म्हणून 1984 पासून कोटा आला. आधीच्या तीन वर्षांत ज्या जहाजाने जितके पकडले त्या प्रमाणात त्याचा वाटा, आणि तोही फुकट. 1990 च्या कायद्याने हा वाटा मोकळेपणाने विकण्याजोगा केला. याच कायद्याचे पहिले कलम सांगते की मत्स्यसाठा राष्ट्राच्या समाईक मालकीचा आहे आणि वाटपामुळे कोणाची मालकी सिद्ध होत नाही. वाक्य निःसंदिग्ध आहे, पण व्यवहाराने ते गिळून टाकले. जे विकता येते, ज्याच्या बळावर बँक जहाजाची किंमत ठरवते आणि कर्ज देते, त्याला मालमत्ता नाही तर काय म्हणायचे? सातबारा देशाच्या नावावर राहिला, वहिवाट मात्र मोजक्या घरांची झाली. ज्याच्या हाती आधी कोटा आला त्याला कर्ज मिळाले, आणि कर्ज मिळाले त्याने दुसऱ्याचा कोटा घेतला. साम्हेर्यीची वाढ या चक्रातून झाली. 1997 मध्ये तिने इसाफ्योर्दुर बंदरातली एक कंपनी आपल्यात मिळवून घेतली. त्या कंपनीच्या पिवळ्या जहाजाचा, ‘गुद्ब्योर्ग’चा, गावाला फार अभिमान होता. जहाज पिवळेच राहील, इथूनच समुद्रात जाईल, असे आश्वासन गावकऱ्यांच्या आठवणीत आहे. थोड्याच काळात जहाज गेले आणि त्याच्यासोबत मासा पकडायचा हक्कही गेला. गावात समुद्र तेवढा उरला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की कोट्याने मासा वाचवला. तो मान्य करायलाच हवा. पकडीला शास्त्रीय मर्यादा आल्यावर कॉडचा साठा सावरला, आणि मासाच उरला नसता तर कोणाच्याच घरी चूल पेटली नसती. पण मासा वाचतो तो एकूण किती पकडायचे याला मर्यादा घातल्याने. ती मर्यादा कोणाला, कायमची आणि फुकट वाटायची, हा वेगळा निर्णय आहे. दोन निर्णयांची मोट एकत्र बांधली की दुसऱ्यावरचा प्रश्न पहिल्यावरचा हल्ला ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2007 मध्ये नेमके इथेच बोट ठेवले. दोन आइसलँडिक मच्छीमारांच्या तक्रारीवर तिने म्हटले की मूळ धारकांना दिलेला हा कायमचा विशेष हक्क समानतेच्या तत्त्वात बसत नाही. 2004 पासून सरकार मासेमारीवर शुल्क घेते, हेही उत्तर म्हणून दिले जाते. पण 2025 मध्ये ते वाढवायचे विधेयक आले तेव्हा तिथल्या संसदेत विक्रमी लांबीची चर्चा झाली. समाईक वस्तूचे भाडे वाढवताना एवढा विरोध होतो, यावरूनच भाडेकरू स्वतःला काय समजू लागला होता ते कळते.

नामिबियातली गोष्ट या मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. 1990 मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या देशाने आपले पाणी लुटणारे स्पॅनिश ट्रॉलर पकडून दाखवले होते. वर्णभेदाने ज्यांना सगळ्यापासून दूर ठेवले त्यांना मासेमारीचे हक्क द्यायचे, असे धोरण ठरले. हेतू उदात्त होता, पण ज्यांच्या हाती कागद आला त्यांतल्या अनेकांकडे जहाज नव्हते, आणि जहाजवाल्याला कागद हवा होता. नोव्हेंबर 2019 मध्ये विकिलीक्सने साम्हेर्यीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. हॉर्स मॅकरेल नावाच्या माशाचा कोटा मिळवण्यासाठी मंत्र्यांना आणि त्यांच्या लागेबांध्यांतल्या लोकांना पैसे दिल्याचा आरोप झाला. मत्स्यव्यवसायमंत्री आणि न्यायमंत्री या दोघांनी राजीनामे दिले, त्यांच्यावर खटला उभा राहिला. कंपनीने लाचेचा आरोप नाकारला, मात्र 2021 मध्ये नामिबियातल्या कारभाराबद्दल जाहीर माफी मागितली. निवाडा न्यायालयाचा. पण ‘आफ्रिकेत असेच चालते’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही. पकडणारा हात आणि पकडण्याचा हक्क यांची फारकत आधी आइसलँडमध्ये, कायद्याच्या चौकटीत, अगदी स्वच्छपणे झाली होती. हक्क हा व्यापाराचा माल झाला की तो जिथे स्वस्त मिळेल तिथे भांडवल जाणारच.

आपल्या किनाऱ्यालाही हा धडा परका नाही. 1991 च्या खोल समुद्रातील मासेमारीच्या धोरणाने परकीय भागीदारीच्या जहाजांना दार उघडले, तेव्हा देशभरचे मच्छीमार रस्त्यावर उतरले आणि 1996 मध्ये सरकारने नेमलेल्या मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. त्या आंदोलकांना कोट्याचे अर्थशास्त्र कोणी शिकवले नव्हते. परवाना एकाचा आणि जहाज दुसऱ्याचे झाले की नाखवा दोन्हींतून बाहेर फेकला जातो, एवढे त्यांनी ओळखले होते.

आइसलँडच्या मतदारांनीही ते ओळखले. 20 ऑक्टोबर 2012 च्या सार्वमतात त्यांना विचारले गेले की खासगी मालकीत नसलेली नैसर्गिक संपत्ती राष्ट्राची आहे असे नव्या राज्यघटनेत लिहावे का. पाचातल्या चारांहून अधिक वैध मते ‘हो’ म्हणणारी होती. ती राज्यघटना अजून मंजूर झालेली नाही.