परक्या हातांचा स्पर्श

‘स्पर्श’ हा शब्द कोवळा वाटतो, परंतु आपल्या देशात त्याचा इतिहास कोवळा नाही. ज्या धातूपासून तो झाला, त्याच धातूपासून ‘अस्पृश्य’ हा शब्दही झाला, आणि कोणी कोणाला शिवावे व कोणी शिवू नये यावर शतकानुशतके माणसांची प्रतिष्ठा ठरत राहिली. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. तरीही स्पर्शाविषयीचा संकोच, भय आणि संशय आपल्या मनातून गेलेला नाही. अशा समाजात परक्या माणसाच्या हाती आपले शरीर विश्वासाने सोपवावे की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी क्षुल्लक नाही.

आमच्या भिलाईत तो अलीकडे वारंवार कानी येतो. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या कराराने येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी पेटली. देशाच्या लोहमार्गांवरील रूळ येथे घडले, आणि ते घडवणाऱ्यांत मराठी, मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी अशा नाना भाषांची माणसे होती. तीन पाळ्यांत, उष्णतेत आणि धुळीत राबलेली ती पिढी आता निवृत्त झाली आहे. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी आहेत. सोबतीला पाठदुखी, आखडलेले खांदे आणि सांजवेळचे रिकामे घर आहे. अशाच एका विधुर बंधूंनी मला विचारले, “डॉक्टर म्हणतात, तज्ज्ञाकडून सर्वांगाचे मालिश करून घ्या. पण कपडे उतरवून परक्यापुढे पडून राहायचे, तेही पैसे देऊन! विश्वासी माणसाला हे शोभते का?”

वाचकहो, उत्तर शोधण्यापूर्वी तेथे प्रत्यक्ष काय घडते ते पाहू, कारण अज्ञानातून आलेल्या भयाला पुष्कळदा आपण सदसद्विवेकबुद्धी समजतो. जाणता मालिश करणारा प्रथम हात लावत नाही. तो प्रथम विचारतो. रक्तदाब आहे काय, रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे काय, पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली होती काय, हाडे ठिसूळ आहेत काय, ताप, जखम वा त्वचारोग आहे काय, स्त्री असल्यास ती गरोदर आहे काय. ही उत्तरे खरी द्यावीत. ताप असताना किंवा शिरेतील गुठळीची शंका असताना मालिश करूच नये. कर्करोगासारखा आजार असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. भरल्या पोटीही जाऊ नये.

मग तो खोलीबाहेर जातो आणि आपण, आपल्याला संकोच वाटणार नाही इतकेच कपडे उतरवून, चादरीखाली पालथे पडतो. ज्या भागाला तेल लावायचे तेवढाच भाग उघडा केला जातो. बाकीचे अंग झाकलेले राहते. गुप्त अवयवांना स्पर्श होत नाही, होता कामा नये. आधी लांब, संथ हात फिरतात. मग स्नायू मळल्यासारखे दाबले जातात. सुमारे तासभर हे चालते. कोणाला झोप लागते, कोणाचे पोट गुरगुरते, कोणाला कारण नसताना रडू येते. यांत लाजण्यासारखे काही नाही. जोर जास्त झाला तर सांगावे, नको असेल तर थांबवावे. पुरुषाने पुरुषाकडून व स्त्रीने स्त्रीकडून मालिश करून घ्यावे असे वाटत असल्यास ते आधीच मागून घ्यावे. दुसऱ्या दिवशी अंग थोडे दुखते. पाठदुखीला व मनाच्या ताणाला काही काळ उतार पडतो, एवढे अभ्यासकांना आढळले आहे. शरीरातील विष निघून जाते वगैरे दाव्यांना मात्र आधार नाही. आणि जेथे प्रश्न विचारले जात नाहीत, झाकले जात नाही, किंवा भलतीच सूचना केली जाते, तेथून कपडे घालून तत्काळ निघून यावे. पैसे गेले तरी चालतील.

आता मूळ शंकेकडे वळू. त्या बंधूंच्या संकोचामागे देहाविषयीची एक समजूत आहे, आणि त्या समजुतीला काही अंशी आम्हा भाषांतरकारांची अडचण कारणीभूत आहे. पौलाच्या ग्रीक भाषेत दोन शब्द आहेत. ‘सोमा’ म्हणजे शरीर. त्यालाच त्याने पवित्र आत्म्याच्या मंदिराची उपमा दिली. ‘सार्क्स’ या शब्दाने मात्र तो पुष्कळदा देवाकडे पाठ फिरवलेली मनुष्याची वृत्ती दाखवतो. मराठीत त्यासाठी कोठे ‘देहस्वभाव’ तर कोठे नुसते ‘देह’ असे लिहावे लागते, आणि साध्या वाचकाला वाटते की हाडामांसाचा देहच पापाचे घर आहे. पौल देहाच्या कर्मांची यादी देतो तेव्हा तीत जारकर्म आहे, तसेच वैर, मत्सर आणि फूटही आहे. ही नंतरची पापे करायला अंगावरचा सदराही उतरवावा लागत नाही. तेव्हा दुखरी पाठ ही लाजेची वस्तू नव्हे.

तेलाविषयीही असाच घोटाळा होतो. नव्या करारात ‘ख्रिओ’ हे क्रियापद देवाने केलेल्या अभिषेकासाठी येते. ‘ख्रिस्त’ ही पदवी त्यातूनच आली. पण ‘अलेइफो’ हे दुसरे क्रियापद अंगाला तेल लावण्याचे, घरगुती आहे, आणि याकोब आपल्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्यास सांगतो तेव्हा त्याने हाच शब्द वापरला आहे. जुन्या करारात नामी रूथला न्हाऊन तेल लावायला सांगते. शोक संपवून दावीद उठतो तोही न्हाऊन तेल लावतो. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंग आणि बाळ-बाळंतिणीला तेल चोळणारी बाई ज्या भाषेत घरोघर ठाऊक आहेत, त्या भाषेच्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही.

परंतु खरी अडचण तेलाची नाही, घेण्याची आहे. आपल्याला सेवा करणे जमते; सेवा करून घेणे जमत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू पेत्राचे पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्राने प्रथम साफ नकार दिला. नाही धुतले तर वाटा मिळणार नाही, असे ऐकताच तो हात आणि डोकेही पुढे करू लागला. प्रभूने त्याचा नकार मानला नाही आणि त्याचा अतिरेकही मानला नाही. पाय तेवढे धुतले. स्पर्श स्वीकारावा आणि त्याला सीमा असावी, हे दोन्ही त्या एका प्रसंगात आहे. स्वतः येशूनेही स्पर्श स्वीकारला. शिमोन परूश्याच्या घरी एका स्त्रीने त्याच्या पायांना सुगंधी तेल लावले. त्याने तिला दूर सारले नाही; उलट यजमानाने डोक्याला साधे तेलही लावले नाही, याची त्याने आठवण करून दिली.

येथे एक आक्षेप येईल. ती प्रेमाची कृती होती; येथे पैशाचा व्यवहार आहे. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, पण परिचारिका वेतन घेते म्हणून तिच्या हातांतील माया खोटी ठरत नाही. व्यवहार पापी होतो तो पैशाने नव्हे, समोरच्याला वस्तू मानल्याने. गावगाड्यात न्हावी अंग रगडून देई, पण त्याला पंक्तीत मानाचे पान नसे. त्याचे हात हवे होते, त्याची बरोबरी नको होती. आजही जो ग्राहक थेरपिस्टचे नाव विचारत नाही, वेळ संपल्यावर आणखी दहा मिनिटे फुकट मागतो, किंवा घृणास्पद इशारे करतो, तो याच जुन्या पापाचा वारस आहे. दिवसभर परक्यांच्या पाठी चोळून त्या माणसाचे अंगठे आणि मनगटे दुखत असतात. आपण आपल्या शरीराच्या शुचितेची काळजी करतो. त्याच्या शरीराची काळजी कोण करील?

चैनीचा आक्षेपही आहे. उत्तम तेले लावून घेणाऱ्या पण आपल्या लोकांच्या नाशाने व्यथित न होणाऱ्या धनिकांना आमोस संदेष्ट्याने झोडपले आहे. मात्र त्याचा रोष त्यांच्या बेपर्वाईवर आहे. महाराष्ट्रात उरुळी कांचन येथे गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचाराचा आरंभ केला तो खेड्यातील गरिबांसाठी. अंग चोळणे हा तेथे श्रीमंतांचा विलास नव्हता, उपचार होता. तेव्हा स्वतःला विचारावे: हे मला पुन्हा कामाला उभे करते, की केवळ स्वतःभोवती गुरफटवते?

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. कुष्ठरोगी येशूकडे आला तेव्हा शब्दाने बरे करणे त्याला शक्य होते. शताधिपतीच्या दासाला त्याने दुरूनच बरे केले. तरी कुष्ठरोग्याला त्याने आधी स्पर्श केला, मग तो शुद्ध झाला. आमच्या छत्तीसगडात चांपा येथे मेनोनाईट मिशनरींनी विसाव्या शतकाच्या आरंभी कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. कुष्ठरोगात बधिर झालेले हातपाय पाण्यात भिजवून त्यांना रोज तेल चोळणे हा आजही शुश्रूषेचा भाग आहे. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी एक अनुभव सांगितला आहे. बोलता बोलता त्यांनी एका रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो रडू लागला. कारण कित्येक वर्षांत त्याला कोणी शिवलेच नव्हते.

वाचकहो, आपल्या मंडळीत कुष्ठरोगी नसतील, पण कित्येक वर्षांत कोणी न शिवलेली माणसे आहेत. विधवा आहेत, विधुर आहेत, अविवाहित वृद्ध आहेत. उपासनेनंतर आपण त्यांना दुरून ‘जय ख्रिस्त’ म्हणतो आणि घरी जातो. त्यांच्यापैकी एखाद्याने दुखऱ्या पाठीसाठी तज्ज्ञाकडे जावे, यात मला काहीही अनुचित दिसत नाही. नीट चौकशी करून, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, आपल्या सीमा सांगून, आणि त्या हातांच्या माणसाला मान देऊन त्याने निःशंक जावे. परंतु तेथे टेबलावर पडल्यावर त्याला रडू आले, तर त्याचा जाब त्याला किंवा त्या थेरपिस्टला विचारू नये. तो आपल्याला विचारला जाईल. वृद्धाचा हात हातात घेणे, आजाऱ्याच्या कपाळावर तळवा ठेवणे, आईच्या पायांना तेल चोळणे, यांसाठी कोणाला फी द्यावी लागत नाही. एका तासाचा स्पर्श विकत मिळतो आणि तो प्रामाणिकही असू शकतो. मात्र जो आपण द्यायचा होता, त्याची भरपाई त्याने होत नाही.