खांदा देण्याआधी

जनाजा कोणाचा आहे हे विचारत आपण थांबत नाही. ओळख नसली तरी चार पावले खांदा देतो. मय्यतीला गुस्ल देणे, जनाज्याची नमाज, दफन ही सारी फर्जे-किफाया आहेत. काहींनी पार पाडली तर सगळे मोकळे. कोणीच पाडली नाहीत तर सारी वस्ती गुन्हेगार. आमचा प्रश्न एवढाच आहे : मेलेल्या देहाची जबाबदारी साऱ्या वस्तीची, मग अंथरुणाला खिळलेल्या जिवंत देहाची एकट्या सुनेची का?

येडशीसारख्या गावाला हा प्रश्न परका नाही. पोटासाठी मुले पुण्या-मुंबईला जातात, म्हातारी माणसे मागे राहतात. २००७ च्या कायद्याने आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली, आणि दर जिल्ह्यात किमान १५० निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असेही म्हटले. पण कायदा महिन्याची रक्कम ठरवू शकतो. दर दोन तासांनी कूस बदलायला, घास गिळला जाईपर्यंत चमचा धरून थांबायला माणूसच लागतो.

तो रक्ताचाच हवा असे नाही. केरळात कोझिकोडला १९९३ साली असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करण्याचे काम सुरू झाले. पुढे मलप्पुरमसारख्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात शेजारीपाजारीच शिकून घेऊन अशा रुग्णांच्या घरी जाऊ लागले. त्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या जिल्ह्यात नळदुर्गला अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे राहिले. मुलांसाठी समाज धावतो, कारण त्यांच्यात उद्याचा दिवस दिसतो. म्हाताऱ्यांच्या सेवेतून असे काही उगवून येत नाही. म्हणूनच खिदमतीचा खरा कस तिथे लागतो.

कोणी म्हणेल, परके पुढे आले तर मुले हात झटकतील. काही झटकतीलही. पण मुलाच्या बेपर्वाईची सजा बापाने ओल्या अंथरुणात पडून का भोगावी? मुलाला जाब विचारावा, पण आधी चादर बदलावी.

दुसरा धोका आपल्यातच आहे. रमजानमध्ये फळे वाटली, फोटो काढला, सवाब पदरात पडला, की समोरचा माणूस माणूस न राहता आपल्या पुण्याचे साधन होतो. अंगाला हात लावण्याआधी त्याला विचारले पाहिजे. बाईची खिदमत बाईने करावी, तिची हया राखावी. आणि त्याच्याकडून काही घेतलेही पाहिजे. दुआ देणारी दादी, बार्शी लाइटच्या जुन्या गाडीची गोष्ट चौथ्यांदा सांगणारे चाचा आपल्याला काहीतरी देऊ पाहत असतात. देण्याचा हा हक्क हिरावला तर खिदमत नुसती भीक होते.

आणि एक. जुम्म्याला येतो म्हटले तर जुम्म्याला गेलेच पाहिजे. अंथरुणावरच्या माणसाला वाट पाहण्याशिवाय दुसरे काम नसते. जनाज्याला उशीर झाला तर मय्यतीला कळत नाही. त्याला मात्र कळते.